विनाकारण कुणी विसरत नाही

माझ्या आत्यासमोर ‘विसरले’ म्हणायची सोय नव्हती. ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, “विसरलीस, की विसरायचं होतं?” घाटकोपरच्या एका कॉलेजात तिनं आयुष्यभर मानसशास्त्र शिकवलं, आणि कॉलेज सुटलं की तेच घेऊन ती आमच्या बोरिवलीच्या घरी यायची. आम्ही सगळे तिला मॅडमआत्या म्हणायचो. प्रेमानं म्हणतो, असं तिला वाटायचं.

मी शाळेत असताना एकदा मुलुंडला तिच्या घरी छत्री विसरून आले. तिनं आईला फोन केला. “वहिनी, पोरीला परत माझ्याकडे यायचंय. घरी मन लागत नाही तिचं.” खरं तर निघताना पाऊस थांबला होता, एवढंच. पण आई संध्याकाळभर मला विचारत राहिली, “तुला इथं काय कमी आहे गं?”

तिचे यजमान, आमचे काका, बाजारातून कोथिंबीर आणायला विसरले की जेवताना त्यांच्या मनाची चिरफाड व्हायची. “तुमच्या मनात माझ्याबद्दल राग आहे. तो असा कोथिंबिरीवर निघतो.” एकदा काका शांतपणे म्हणाले, “राग आहेच. पण कोथिंबीर खरंच विसरलो.” आम्ही पोट धरून हसलो. आत्या हसली नाही.

हसणं संपलं ते बाबांच्या वेळी. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारू लागले. एकदा भाजीबाजारातून घरी येताना रस्ता चुकले. मी डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होते. आत्यानं फर्मान काढलं, “दादाला निवृत्तीच नको होती. नको असलेलं तो पुसून टाकतोय. औषधं नकोत, त्याला बोलतं करा.” एवढी शिकलेली नणंद सांगतेय म्हटल्यावर आईनं ऐकलं. त्यात वर्ष गेलं.

मग एका सकाळी कप हातात घेत बाबांनी आईला विचारलं, “बाई, तुमचं नाव काय?”

त्या रविवारी आत्या आली तेव्हा आईनं तिला विचारलं, “वन्सं, माझंच नाव आधी का गेलं हो?”

“माणूस विनाकारण विसरत नाही, वहिनी,” बशीत चहा ओतत आत्या म्हणाली.

मी म्हटलं, “आत्या, चहा झाला की नीघ.”

ती निघाली, पण तिचं वाक्य घरातच राहिलं. आई बाबांजवळ बसून जुनी भांडणं उकरू लागली. “तुमच्या आईला मी उलट बोलले होते, तेच ना?” बाबा ओशाळून हसायचे. शेवटी आम्ही त्यांना अंधेरीच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नीट समजावलं: हा मेंदूचा आजार आहे, आधी अलीकडचं जातं, लहानपणचं मागे राहतं, कोण आवडतं नि कोण नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. आईनं मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, “त्यांना आपल्या घरातलं काय माहीत?”

काही महिन्यांनी आत्या न बोलावता आली. तिला बघून बाबांचा चेहरा फुलला. “शालू, वेणी घातलीस का? शाळेला उशीर होतोय.”

आई दारात उभी होती. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मी पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आलेला ऐकला. “वहिनी, त्याला मी दिसत नाहीये. परकरातली पोर दिसतेय. डॉक्टर म्हणतात तेच खरं. मी चुकले.”

“आता माझ्यासाठी खोटं नका बोलू, वन्सं,” आई म्हणाली.

बाबा गेले. आत्याचे गुडघे दुखतात, तरी ती दर रविवारी मुलुंडहून येते, आईसमोर बसते आणि मी चुकले होते, हेच परत सांगते. आई ऐकून घेते आणि विषय बदलते. त्या येण्यापुरती मला तिची माया वाटते. बाकी सगळ्याचा राग आहे, आणि तो जायचा नाही.