निळ्या फितीची बाटली

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आई गेली, तिलाही कळली नाही. जिला सगळ्यात आधी कळायला हवी होती तिच्याशी तर मी दर आठवड्याला बोलते — गुडघेदुखीवर, हवापाण्यावर — आणि घरी येते. तुम्हालाच का सांगते आहे? परवा एका कार्यक्रमात मला पुन्हा भाषणाला बोलावलं. विषय, खेळाडूंवर होणारा अन्याय. या विषयावर माझ्याइतकं संतापून कुणी बोलत नाही, असं ते फोनवर म्हणाले. मी काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला.

संताप खोटा नाही, एवढं लक्षात ठेवा. तो आजही आहे. फक्त इतकी वर्षं मी तो कुणावर काढला आणि कुणाला वाचवायला काढला — तिथे घोळ आहे.

मी आणि संघमित्रा डिलाईल रोडच्या एकाच चाळीतल्या. तिला सगळे मित्रा म्हणायचे. आमच्या दोघींचे आजोबा गिरणीत होते, आणि आमच्या वाट्याला गिरणीच्या जागी उभे राहिलेले टॉवर आले. त्यांच्या कंपाउंडला वळसा घालून आम्ही पळायचो. पळायला शिकवलं शैलाताईंनी. ताई बँकेत नोकरीला होत्या. लग्न केलं नाही. सकाळ-संध्याकाळ शिवाजी पार्कवर आमच्यासारख्या पोरी घेऊन उभ्या असायच्या. मित्रा पडली तर ताई ओरडायच्या आणि मी पडले तर ताई ओरडायच्या. कमी-जास्त कधी केलं नाही.

पुढे आम्ही दोघी एकाच वेळी आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेला निवडल्या गेलो, मॅरेथॉनसाठी. दोघींमध्ये जी पुढे येईल तिलाच पुढच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार, असं संघटनेच्या साहेबांनी निघण्याआधीच ऐकवलं होतं. एका चाळीतल्या दोघींना असं सांगायचं! पण नाही — हेही मी साहेबांवर ढकलायला निघाले.

मॅरेथॉनच्या वाटेवर ठरावीक अंतरावर टेबलं असतात. त्यावर प्रत्येकीची स्वतःची बाटली ठेवलेली असते. साधं पाणी पुढे सगळ्यांनाच मिळतं, पण मित्राला साधं पाणी चालायचं नाही. तिला ताईंनी बनवलेलं मीठ-साखरेचं पाणी वेळेवर लागायचं, नाहीतर पायात गोळे यायचे. हे ताईंना माहीत होतं आणि मला माहीत होतं. पळता पळता आपलीच बाटली हाताला लागावी म्हणून जी ती बाटलीला खूण बांधते. माझ्या बाटलीला आमच्या गणपतीच्या मखरातली सोनेरी झालर होती. मित्राच्या बाटलीला जयंतीच्या मंडपातली निळी फीत होती. आदल्या दिवशी हॉटेलच्या खोलीत ताईंनी स्वतः बसून त्या बांधल्या. झालर आणि फीत. आंधळ्यालाही हाताने ओळखता आल्या असत्या.

आता साहेबांचं ऐका. प्रत्येक टेबलामागे आपला एक माणूस उभा राहील आणि बाटली हातात देईल, असं ठरलं होतं. भारतातून साहेब काय थोडे आले होते? ब्लेझर घालून उद्घाटनाच्या फोटोत रांग मावत नव्हती. शर्यतीच्या सकाळी त्यातला एकही रस्त्यावर नव्हता. आदल्या दिवशीच्या खरेदीचा शीण काढत लोळत होते. ताई एकट्या. एका टेबलावर बाटल्या मांडायच्या, मधल्या गल्लीतून धावत पुढचं टेबल गाठायचं, तिथे मांडायच्या. वय पन्नाशीच्या पुढे, ऊन डोक्यावर. ही सगळी चीड मी नंतर स्टेजवरून ओकले, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

फक्त एक वाक्य मी गाळलं.

मी पुढे होते, मित्रा मागे. तिच्या पावलांचा आवाज मी झोपेतही ओळखला असता — तिचा डावा पाय जरा जास्त आपटायचा. तो आवाज जवळ येत होता. सरावात ती मला शेवटच्या टप्प्यात गाठायचीच, त्या दिवशीही गाठणार होती. एक वळण आलं आणि वळणापुढे आमचं टेबल. टेबलामागे आपलं कुणी नव्हतं. तिथला एक माणूस पाठ करून खोकी उघडत होता. वळणामुळे मित्रा मला दिसत नव्हती — म्हणजे मीही तिला दिसत नव्हते. हे मी पळता पळता ताडलं. डोकं फिरलं होतं, ऊन लागलं होतं, असं म्हणायला मला आवडेल. पण जिला एवढं ताडता येतं तिचं डोकं कुठे फिरलेलं असतं?

झालरीची बाटली मी उचलली. मग निळ्या फितीचीही उचलली.

तहान होती का? नव्हती. तिचं पाणी मी प्यायले का? एक घोटही नाही. थोडं पुढे जाऊन कठड्यापलीकडच्या झुडपात ती भिरकावली. फीत बोटात अडकली होती. ती झटकून टाकली आणि पळत राहिले.

मित्रा स्टेडियमच्या दाराशी कोसळली. मी कितवी आले ते सांगण्यासारखं नाही, पण तिच्या पुढे आले. इस्पितळात तिला शुद्ध आली तेव्हा ती ताईंना एवढंच म्हणाली, "वळणावरच्या टेबलावर माझी बाटली नव्हती." ताई म्हणाल्या, "मी ठेवली होती गं." दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "मी माझी उचलली. हिची मला दिसली नाही."

परत आल्यावर काळाचौकीच्या एका मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ, ढोल. मी माइक हातात घेतला आणि साहेबांची सालटी काढली. पोरी उन्हात मरतात आणि तुम्ही लोळता? एका बाटलीसाठी आमची मित्रा खाटेवर पडली, याचा जाब कोण देणार? माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात, आणि किती सुरेल लागतात ते मला तिथे कळलं.

मी जाब मागितला, तो साहेबांनी दिला. त्यांना काय, कुणीतरी हवंच होतं. चौकशी झाली. बाटल्या मांडायचं काम कुणाचं? शैलाताईंचं. झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी — आणि चोर शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलेला. ताईंना पुन्हा कुठल्या संघाबरोबर जाऊ द्यायचं नाही असं ठरलं. पोरीला पाणी न देणारी बाई, असं पार्कात बोललं जाऊ लागलं. आयांनी मुली काढून घेतल्या. ज्या बाईने अर्ध्या गिरणगावाच्या मुलींना पायात बूट घालायला शिकवलं, तिच्याकडे एक मुलगी उरली नाही. मला तेव्हाही भयंकर राग आला. मी तो पुन्हा साहेबांवरच काढला. तोंड उघडून ते एक वाक्य मात्र बोलले नाही.

मित्रा पुन्हा लांब पल्ल्याचं पळाली नाही. आता ती एका शाळेत शिकवते. ताईंशी बोलत नाही. माझ्याशी बोलते. दरवर्षी जयंतीला तिचा फोन येतो, आणि माझ्या बाजूने तू एकटी भांडलीस, हे ती एकदा तरी म्हणतेच. मी ऐकून घेते.

हे सगळं सांगून झालं, तरी सगळ्यात वाईट अजून राहिलंच आहे.

शहरात रस्त्यावरची मोठी शर्यत असते तेव्हा ताई दादरला फुटपाथच्या कडेला बाटल्या घेऊन उभ्या राहतात. कुणी सांगितलेलं नसतं. यंदा मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. बाजूला एका मंडळाने टेबल मांडलं होतं. तिथला माणूस ताईंना म्हणाला, इथे ठेवा की, पोरं घेतील आपापली. ताईंनी मान हलवली. त्या प्रत्येकाच्या हातात बाटली देत होत्या, आणि समोरच्याची मूठ नीट वळली की मगच सोडत होत्या. गर्दी ओसरल्यावर आम्ही कट्ट्यावर बसलो. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी फार विचार केला गं. त्या दिवशी मीच विसरले असेन. पुढच्या टेबलाची घाई होती. मला आठवतं की मी ठेवली, पण आठवण्यावर काय विश्वास?"

आता बोल. एवढंच करायचं होतं. रस्ता मोकळा होता, आम्ही दोघीच होतो, आणि त्या स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लागल्या होत्या — माझ्यामुळे.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ द्या ताई, होतं असं माणसाकडून."

मी त्यांना माफ केलं. ऐकलंत? मी, त्यांना. आणि त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, बरं वाटलं.

त्या कार्यक्रमवाल्यांचा पुन्हा फोन आला होता. काय बोलायचं ते तुमच्या मनाने ठरवा, म्हणाले. बोलायचं एवढंच आहे, आणि ते आधी त्यांच्या हॉलमध्ये नाही, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बोलायचं आहे. उद्या सकाळी ताई तिथे असतील. त्या मला पुढे काय म्हणतील, मित्रा काय म्हणेल, ते त्यांचं त्या बघतील.

ताई, तुम्ही विसरला नव्हता. बाटली टेबलाच्या डाव्या कडेला होती, फीत बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलेली, मित्राच्या हाताला लागेल अशी. मी पाहिली. मी उचलली.