निळी चौकट

टॅबकाकांनी माऊसला कधी हात लावला नाही. मनीषनगरातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही लोकांना वेबसाइट बनवून देतो. तिथे ते सगळ्यांत वयस्क. टॅबचं बटण दाबत ते एका लिंकवरून दुसरीवर जात. ज्या लिंकवर पोचत, तिच्याभोवती निळी चौकट उमटे. पोरं विचारत, "काका, उंदराले भेता काय?"

"भेतो ना. चावते तो."

त्यांनी तपासल्याशिवाय पान बाहेर जात नसे. डोळे मिटून ते पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावत. ते एका सुरात म्हणे, "इथे क्लिक करा, इथे क्लिक करा, इथे क्लिक करा."

"कायले करू गा?" काका डोळे न उघडताच विचारत. "आंधळ्याले दार दाखवून राहिला, अन् घर कोणाचं ते सांगत नाही." मग लिहिणारा त्याजागी 'तपासणीची वेळ घ्या' असं लिही.

नोकरी सोडून ते खाप्याला, आपल्या गावी निघाले, त्या दिवशी निरोपाचा चहा त्यांनी प्यायला नाही. टेबलाखाली धरलेला उजवा हात थरथरत होता. "माऊस काहून धरत नाही, समजलं न भाऊ?" एवढंच मला म्हणाले.

म्हणजे मला माहीत होतं. तरीही एका दवाखान्याच्या साहेबांनी "ही चौकट घाण दिसते" म्हटल्यावर मी कोडची एक ओळ लिहून ती चौकट काढून टाकली. अडवायला काका नव्हते.

पुढे त्यांचा फोन आला. "भाऊ, आपल्या त्या दवाखान्याच्या साइटवर तपासणीची वेळ बदलून राहिलो होतो. मी कुठं आहो तेच दिसून नाही राहिलं. एंटर दाबलं, तर होती ती वेळबी रद्द झाली." जरा हसले. "चौकट नवीन कोणी काढली असन. त्याले रागावू नका, समजावून सांगा."

"हो, सांगतो," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी चौकट परत लावली. दवाखान्यात ते आजवर कोणाच्या लक्षातही आलेलं नाही. काकांना मात्र कळवलं नाही. कळवायचं तर ती कोणी काढली होती, तेही सांगावं लागलं असतं. येत्या रविवारी खाप्याला जाऊन समोर बसून सांगू, असं मी म्हणत राहिलो.

गेलो तेव्हा लोक काकांना पोचवून कन्हान नदीच्या काठावरून परतत होते. त्यांचा मुलगा माझ्याजवळ येऊन थांबला.

"मी म्हटलं, बाबा, मी घेऊन देतो वेळ. तर म्हणे, थांब. भाऊ चौकट लावून राहिले. लागली की फोन येईन त्याईचा."