मालनबाईंचा गळा

गढा मोहल्ल्यातल्या बुद्धविहारात मालनबाई त्रिसरण म्हणायला लागल्या की मागची पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. माइक नावापुरता, बाईंचा आवाज पार चौकापर्यंत जायचा. नवरा गेल्यावर बिड्या वळून त्यांनी पोरगा वाढवला, पण गल्लीत त्यांना बिडीवाली कुणी म्हटलं नाही. वंदनावाल्या मालनबाई, एवढीच त्यांची ओळख. ती त्यांनी जिवापाड जपली आणि तिच्यापायीच त्यांचा घात झाला.

दमा त्यांना तंबाखूच्या धुळीनं दिला. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ ओढायचा स्टेरॉइडचा पंप दिला, तशा महिन्याभरात बाई न थांबता जिना चढायला लागल्या. पंप ओढून झाला की गुळणी करून थुंकायचं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण वंदनेला बसायचं ते तोंड स्वच्छ धुऊन, हा बाईंचा जन्माचा शिरस्ता. म्हणून त्या गुळणी आधी करायच्या, मग पंप ओढायच्या आणि तशाच विहारात जाऊन बसायच्या. नंतर पाणी घेतलं तर औषध धुऊन जाईल, अशी पक्की समजूत. वर शेजारणींनाही हेच शहाणपण शिकवायच्या.

दीड वर्षानं आवाज घोगरा झाला. मग जिभेवर पांढरे चट्टे आले, चहाही झोंबायला लागला. पंचशील म्हणताना मध्येच गळा बसायचा आणि सगळे माना खाली घालायचे. एका रविवारी विहार समितीचे अंबादासजी घरी आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना म्हणाले, काही दिवस ज्योतीला म्हणू द्या. ज्योती म्हणजे बाईंची सून, पुस्तकात बघून वाचणारी. बाई हसून 'अच्छा' म्हणाल्या. गोड बोलून माणसाला जागेवरून उठवणं किती सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप ट्रंकेत टाकला. ज्योतीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यानंच माझा गळा खाल्ला. दम्यानं मी काय मरून राहिली?"

तीन आठवडे खरंच बरे गेले. चट्टे गेले, आवाज जरा मोकळा झाला. स्वयंपाकघरात बाई हळूच वंदना म्हणून बघायच्या. आणि बुद्धपौर्णिमेला पंधरा दिवस उरले असताना, भर दुपारी मिरच्या वाळत घालताना, दम असा लागला की ओठ निळे पडले.

आठ दिवस दवाखान्यात गेले. पंप आता आधीपेक्षा दुप्पट ताकदीचा झाला. पुन्हा बंद केला तर तुम्ही हाती लागणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. गुळणी कधी करत होता, तेही विचारलं. बाईंनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ती नंतर केली असती तर चट्टे बहुतेक टळले असते.

"आन् आवाज?"

"इतनी तेज दवा पर आवाज का भरोसा नहीं दे सकता, अम्मा."

बाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. कुणाला दोष द्यावा तर समोर कुणीच नव्हतं.

पौर्णिमेला ज्योती माइकसमोर बसली, बाई मागे बायकांत. मध्येच ज्योती एका ओळीवर अडली. बाईंनी सवयीनं पुढची ओळ उचलायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. शेजारच्या पार्वताबाईंना वाटलं, दमा उठला. त्यांनी बाईंना दंडाला धरलं आणि विहाराबाहेर मोकळ्या हवेत नेऊन बसवलं. श्वास तर अगदी ठीक चालला होता. पण ते सांगायलाही बाईंचा आवाज फुटला नाही.