बाबांच्या होडीचा खेळ

बाबांना पक्षाघात झाला आणि त्यांच्याकडे एकच शब्द उरला. हो. जेवणार? हो. पंखा बंद करू? हो. की राहू दे? हो. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या बोलण्याच्या जागेला इजा झाली आहे, त्यांना समजतं किती ते आत्ताच सांगता येणार नाही. आम्ही आमच्या सोयीने ठरवून टाकलं की फारसं समजत नाही.

त्यांची डोंबिवलीची इमारत पाडायला निघाली होती. कोपरीला माझी दीड खोली, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. टिटवाळ्याला एक बरा वृद्धाश्रम सापडला. मी बाबांसमोर बसून विचारलं, "बाबा, टिटवाळ्याला राहाल ना?" "हो." पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा हो. मला त्यांचं मन जाणून घ्यायचं नव्हतं, माझ्या मनाची समजूत घालायची होती. हे तेव्हाही कळत होतं.

बाबांना तिथे सोडून आल्यावर मी घर रिकामं करायला घेतलं. आई गेल्यापासून तसंच राहिलेल्या तिच्या स्वयंपाकघरात, फळ्यांवरच्या डब्यांखाली, ते जुने कागद मिळाले. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, कडेला भोकं असलेले, तेलाने पिवळे पडलेले. मी तिथेच खाली बसले.

बाबा कल्याणच्या पलीकडे एका कारखान्यात संगणक विभागात होते. तेव्हाचा तो संगणक कपाटाएवढा होता आणि त्याला पडदा नव्हता. टाइपरायटरसारख्या यंत्रावर आपण आकडा मारायचा, की उत्तर तिथेच कागदावर खडखडत उमटायचं. पगारपत्रकं छापून झाली की बाबा त्यावर खेळ लिहीत बसत. मोठा माणूस ऑफिसच्या यंत्रावर खेळ करतो हे आमच्या इमारतीत कळलं असतं, तर लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असतं.

खेळ होडीचा होता. खाडी पार करायची. यंत्र विचारायचं, किती वल्ही मारणार? जास्त मारली तर हात भरून यायचे, कमी मारली तर ओहोटी ओढून न्यायची. चित्र नाही, आवाज नाही, नुसते इंग्रजी अक्षरांत छापलेले मराठी शब्द. आठवीत असताना एका रविवारी बाबा मला तिथे घेऊन गेले. मी अकरा वेळा बुडाले आणि मग पाय आपटले. "पार होतच नाही! तुम्ही लबाडी केलीय."

"होते गं," बाबा हसून म्हणाले. "घाई नको करूस. वारा काय सांगतो ते बघ."

युक्ती मात्र त्यांनी सांगितली नाही. माझी होडी कधीच पोचली नाही.

पुढे कारखान्यात नवं यंत्र आलं, जुनं भंगारात गेलं. खेळ उरला तो या कागदांवर, ओळीन् ओळ छापलेला. बाबांनी ते घरी आणले. पण आमच्या घरात पाठकोरा कागद म्हणजे घबाड. आईने फळ्यांवर अंथरले. एकाचं मी दहावीच्या भूमितीच्या पुस्तकाला कव्हर घातलं आणि परीक्षा झाल्यावर पुस्तक खालच्या मुलीला देऊन टाकलं. बाबांना विचारलंही नाही. ते कधी काही बोलले नाहीत.

मी शाळेत कंप्युटर शिकवते. वाटलं, हा खेळ लॅपटॉपवर उतरवून बाबांना दाखवावा. प्रत्येक ओळीला आकडा होता, म्हणून कागद क्रमाने लावता आले. तीनशे तीसपर्यंत सगळं होतं. पुढचा कागद एकदम चारशे तीसचा. मधला, वाऱ्याचा आणि ओहोटीचा हिशेब असलेला, तोच माझ्या भूमितीला गेला होता. आईच्या तेलकट हातांनी जे राखलं ते माझ्या हुशारीने घालवलं.

टिटवाळ्याला जाऊन विचारलं, "बाबा, वारा दर वेळी बदलायचा का?" हो. "की एकाच दिशेने?" हो. शेजारी चादर बदलणाऱ्या मावशी कौतुकाने म्हणाल्या, "तुमचे बाबा लय गुणी हां. कशालाच नाय म्हणत नाहीत."

शेवटी मधल्या ओळी मी मनाने लिहिल्या. वारा मंद ठेवला, ओहोटी नावाला. म्हटलं, निदान आता तरी होडी पोचू दे.

पुढच्या खेपेला लॅपटॉप त्यांच्या पलंगावर ठेवला. बाबांनी डाव्या हाताच्या एका बोटाने आकडा दाबला. मग दुसरा. सातव्या खेळीला पडद्यावर अक्षरं आली, होडी पोचली. मी टाळ्या वाजवल्या.

बाबा बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मग त्यांवर बोट ठेवून त्यांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. त्यांना सगळा वारा आठवत होता. मी केलेली लबाडी त्यांनी सात खेळ्यांत ओळखली होती. म्हणजे त्यांना समजत होतं. म्हणजे टिटवाळ्याचंही समजलं होतं, तिन्ही वेळा, आणि आत 'नाही' असतानाही तोंडातून 'हो' आलं असेल. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाबा आता माझ्याकडे बघत होते. "इथे राहायचंय का तुम्हाला?" एवढंच विचारायचं होतं. पण आता ते नाही म्हणू शकत होते.

मी लॅपटॉप मिटला.

"चहा घेणार, बाबा?"

"हो," ते म्हणाले.