चपला बाहेर म्हणजे आत देव

"चपला इथं काढायच्या. आणि तोंडही इथंच ठेवायचं."

बर्फाचे दिवस सोडले तर दर रविवारी रानात शिरण्याआधी काकू मला हे ऐकवायच्या. पंचाहत्तरी उलटलेली बाई, पण कडेच्या ओकला हात टेकून उभ्याउभ्या पायातलं काढायची, मोजे आत कोंबायची आणि जोडी बुंध्याशी सरळ लावून ठेवायची. चांगले वॉकिंग शूज होते हो, पण काकूंच्या लेखी पायात घालायचं ते सगळं चपला.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत रानात अनवाणी? मीही म्हणालो होतो. "काकू, इथं टिक्स असतात, गोचीड. चावला एखादा तर?"

"डॉक्टर मी आहे की तू? घरी गेल्यावर पाय तपासते मी. आणि बोलायला लागलास बघ!"

डॉक्टर म्हणजे भूल देणाऱ्या. "आयुष्यभर माणसं गप्प करण्याचाच पगार घेतला," असं त्या सांगायच्या. मी पडलो नागपूरचा. आमच्याकडे माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर घरचे ताप बघतात. पण डोळ्यांच्या ऑपरेशननंतर काकूंनी हायवेवर ड्राइव्ह करणं सोडलं होतं आणि शेजारी मीच होतो, तेव्हा त्यांना न्यायचं काम माझ्याकडे आलं.

ॲन आर्बर मागे पडलं की मक्याची शेतं लागतात, मग एक लाल कोठार, आणि त्यामागे हे रान. मालक एक म्हातारा शेतकरी. त्यानं काकूंना कधीतरी सांगून टाकलं होतं, आवाज करू नका, मग हवं तेव्हा या. आत एक पडलेलं खोड होतं, त्यावर काकू बसायच्या. समोर मोठा गोल दगड, शेवाळानं गच्च हिरवा. त्याला कुणी बोट लावायचं नाही. तासभर बसायचं आणि परत यायचं, बास.

एकदा मी विचारलंच, की शांतताच हवी तर घरी काय कमी आहे? एकटं तर घर.

"घरी शांतता झाली की माझ्या कानात शिट्टी वाजते," त्या म्हणाल्या. "दिवसरात्र. उपाय नाही, सगळं करून झालंय. इथं पानं वाजतात ना, तेवढा वेळ ती ऐकू येत नाही. ओकची वाळकी पानं थंडीतसुद्धा झाडाला धरून असतात. म्हणून हेच रान."

त्यानंतर मात्र मी खरंच तोंड बाहेर ठेवायला लागलो.

आणि अनवाणी का? तर त्यांच्या कोकणातल्या गावच्या देवराईत पायताण घालून कुणी शिरत नसे. "देवावरचा विश्वास कॉलेजातच गेला. पायांना कोण सांगणार?"

आता ऐका आपल्या लोकांचा प्रताप. हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी सफरचंदांच्या दिवसांत आपल्या मराठी मंडळातली काही कुटुंबं रानाजवळच्या बागेत सफरचंदं तोडायला आली होती. जाताना कुणाला तरी माझी गाडी दिसली आणि ओकच्या बुंध्याशी काकूंचे बूट दिसले, नीट लावून ठेवलेले. आपली माणसं ती! चपला बाहेर म्हणजे आत देव, एवढा हिशोब त्यांना पुरला. दुसऱ्या दिवशी आत जाऊन बघतात तो गोल दगड. त्यात कुणाला सोंड दिसली. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर फोटो फिरत होता, खाली लिहिलेलं, "मिशिगनमधलं जागृत स्वयंभू गणेशस्थान. अवश्य दर्शन घ्या."

पुढच्या रविवारी आम्ही पोहोचलो तर रस्ताभर गाड्या. दोन तर सरळ शेतात चढवलेल्या, नुकत्याच उगवलेल्या गव्हावर. आत स्पीकरवर आरती. दगडाला शेंदूर, प्लॅस्टिकचे हार, मुळांवर नारळाच्या करवंट्या. आणि कमाल म्हणजे वाळक्या पानांच्या ढिगात खोचलेल्या पेटत्या उदबत्त्या! अरे, इंजिनिअर ना रे तुम्ही सगळे?

काकूंनी आधी उदबत्त्या विझवल्या. मग म्हणाल्या, "बंद करा ते. इथं देव नाही."

मंडळाचे एक गृहस्थ ताट घेऊन पुढे आले. "काकू, असं कसं? तुमच्यामुळेच तर डिस्कव्हर झालं! आरतीचा पहिला मान तुमचा."

"अहो, तो नुसता दगड आहे."

"मग तुम्ही चपला का काढता?"

"चपला काढायला देव लागतो?" काकू ओरडल्या. त्या रानात त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला. गृहस्थ समजूतदारपणे हसले आणि ताट दुसऱ्या बाईंच्या हातात दिलं. आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

आठवड्याभरात शेतकऱ्यानं वाटेवर साखळी लावली. काकू त्याच्या दारात माफी मागायला गेल्या, बादली, साबण आणि घासणी घेऊन. "तुमच्या लोकांना आवरा," तो म्हणाला. तुमचे लोक! मला संताप आला, पण गव्हावर चाकांच्या खुणा होत्याच. काकूंनी फक्त दगड धुवायची परवानगी मागितली.

मला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून एकट्या घासत होत्या. "पाप लागेल म्हणतील लोक," मी म्हणालो.

"लागू दे." तेलातला शेंदूर निघता निघेना. आधी शेवाळच सुटून आलं. आम्ही इतकी वर्षं बोट न लावलेलं शेवाळ बादलीत तरंगत होतं आणि दगड तांबूसच राहिला.

परतताना शेतकरी साखळीपाशी थांबला होता. मनानं वाईट नव्हता बिचारा. म्हणाला, "तुम्ही एकट्या येत जा. बाकी कुणी नको."

काकूंनी त्याचे आभार मानले आणि मान हलवून नको म्हणाल्या. गाडीत मी भडकलो. "अहो, तो स्वतःहून देतोय! का नाही म्हणालात?"

"माझ्या चपला दिसल्या की पुन्हा येतील ते सगळे."

"मग घालून जा ना यार, काकू!"

"घालून?" त्या म्हणाल्या.

त्या पुन्हा रानात गेल्या नाहीत. भर हिवाळ्यात त्यांच्या बेडरूममध्ये पंखा सुरू असायचा, कानातली शिट्टी झाकायला. "पानांची सर नाही रे याला," म्हणायच्या. झोप गेली, तब्येत उतरली आणि पुढच्या वसंतात काकू गेल्या. शिट्टीनं कुणी मरत नाही, मला कळतं. तरी माझा राग जात नाही.

मंडळानं देवळाच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. त्याच गृहस्थांनी माइकवर सांगितलं, काकू अत्यंत भाविक होत्या, आपलं गणेशस्थान त्यांनीच शोधलं. दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणाले. सगळे उभे राहिले. लगेच फोन वाजला, त्या गृहस्थांचाच, आणि तो घेऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "हां बोल, मीटिंगमध्ये आहे." शेजारी दोघी समोशांचं विचारत होत्या.

मी तडक बाहेर आलो. दाराशी चपलांचा हा ढीग! तोंडं मात्र सगळी आत घेऊन गेले होते.