आधी दिवा लुकलुकवा

पाठीमागे सगळे वैमानिक विमानतळाच्या टॉवरवरच्या बाईंना हेडबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. रात्रपाळीला त्या टॉवरच्या काचेच्या खोलीत चढल्या की आधी आतले दिवे मालवायच्या, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायच्या आणि मगच माइक हातात घ्यायच्या. विमानतळ छोटा, रडार नाही. आपण कुठे आहोत, किती उंचीवर आहोत हे वैमानिकाने सांगायचं, बाईंनी ते डोक्यात मांडायचं, आणि दोन विमानांना एका जागी एका उंचीवर येऊ द्यायचं नाही. संसारापेक्षा हे सोपं, असं त्या म्हणत. इथे निदान सांगितलेलं ऐकतात तरी.

एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसायच्या. रात्री विमान म्हणजे नुसता एक ठिपका. एका वैमानिकाने "दुसरं विमान दिसलं" म्हटलं, की बाकीचे टॉवरवाले त्याला मोकळं सोडतात, आता तुझं तू बघ म्हणून. बाई सोडत नसत. त्या दुसऱ्या विमानाला पुढचा मोठा दिवा दोनदा चालू-बंद करायला लावायच्या आणि पहिल्याला विचारायच्या, तुझा ठिपका लुकलुकला का? "दिसलं म्हणजे काहीतरी दिसलं, एवढंच," असं त्यांचं म्हणणं. त्यांचा नवरा चारचौघांत सांगायचा, "आमची ही रात्रभर परक्या पुरुषांना डोळे मारायला लावते, आणि वर पगार घेते."

त्यांचा धाकटा दीर पार्सलांचं छोटं विमान चालवायचा. हात चांगला, पण घोड्यावर बसूनच जन्मलेला. या दिव्यांच्या प्रकाराचा त्याला भारी वैताग. विमानतळाच्या मॅनेजरकडे कागाळी त्यानेच केली होती, आणि मॅनेजरने बाईंना बोलावून, हे जरा कमी करा, असं सांगितलं होतं. बाई "बरं" म्हणून आल्या. बरं म्हणायला काय जातं?

त्या रात्री दातांचे डॉक्टर तलावावर दोन हजार फुटांवर घिरट्या घालत होते. पन्नाशीत विमान शिकायची हौस आलेला माणूस. तेवढ्यात दीर तीन हजारांवरून आला.

"दिसले डॉक्टर. डावीकडे, बरेच लांब आहेत. आता खाली येऊ द्या, वहिनी."

"हवेत मी कुणाची वहिनी नाही. तीन हजारांवरच राहा. डॉक्टर, पुढचा दिवा दोनदा."

"आत्ता?" डॉक्टर कुरकुरले. "मी वळणात आहे हो."

"वळणातच द्या."

मग नुसती खरखर. दीर चिडून खाली सुटला, तर इथून त्याची कॉलर धरता येणार नव्हती.

"वहिनी," दिराचा आवाज एकदम बारीक झाला होता. "डावीकडचा नाही लुकलुकला. तो बहुतेक खाणीवरचा दिवा आहे. डॉक्टर माझ्या अगदी पुढ्यात आहेत, खाली."

"तुझी उंची?"

"तीन हजार. सोडलेली नाही."

"उजवीकडे वळ, उंची तीच ठेव. आधी डॉक्टर उतरतील."

पाढे म्हणावेत तसा त्याने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. डॉक्टर उतरले, मागून दीर उतरला. दोघांची चाकं जमिनीला लागलेली पाहिल्यावर बाई अंधारात उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "जमलं." त्यांचा ऊर भरून आला होता. हे नशिबाने झालं असं कुणी म्हटलं असतं, तर त्या भांडल्या असत्या.

दीर जिना चढून वर आला आणि दारातच उभा राहिला.

"मॅनेजरला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे मला. बस."

तो बसतोय न बसतोय तोच डॉक्टर धापा टाकत आले. "बाई, ऐन वळणात दिवा काय लावायला सांगता? सगळं लक्ष उडालं माझं, उतरताना विमान आपटलं. हे साहेब वर, मी खाली, मध्ये चांगलं हजार फूट अंतर. असं झालं तरी काय एवढं?"

दिराने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना. डॉक्टर गोंधळून बाईंकडे बघायला लागले.

बाईंना हसू आवरेना. "काही नाही झालं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "काहीसुद्धा झालं नाही."