पश्चिमेची बाजू

कागदावरचं मला कळत नाही. लाकूड कापायच्या गिरणीवर शेड घालायची म्हणून मी जमिनीवरच्या भुशातच काठीने आखणी केली. खांबाला खळगा, भिंतीला रेघ. सहा खळगे झाले, रेघ एकही नाही. लांब ओंडके आत घ्यायला चारी बाजू मोकळ्या लागतात.

सकाळी बघतो तर नवा भुसा सगळीकडे बसलेला. फक्त पश्चिमेच्या दोन खळग्यांमधे एक बाई मांडी घालून बसेल एवढी जागा स्वच्छ. बायको डबा घेऊन यायची, ती तिथेच बसायची. तिला जाऊन चार महिने झाले.

मुलगा म्हणाला, "बाबा, वाऱ्यानं उडाला असेल. पाऊसही तिकडूनच झोडपतो, तेवढी बाजू फळ्यांनी बंदच करा."

"चाळीस वर्षं भुसा खाल्लाय मी. वारा मला शिकवू नकोस."

मी हाताने तिथे भुसा पसरला. दुसऱ्या सकाळी जागा पुन्हा स्वच्छ.

माणूस गेलं की गेलं, असं मीच लोकांना सांगत आलो. पावसाबद्दल मुलाचं म्हणणं खरंच होतं. रेघ ओढायला काठी टेकवली, पण हात पुढे सरकेना. बाजू बंद केली तर ती आत कोंडली जाईल की बाहेर भिजत राहील, ते मला कळेना. मोकळीच ठेवली.